चौथ्या वर्गाची बोली आणि माझं संशोधन

प्राथमिक शाळेतल्या बाईने संशोधन केलं असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग शेजारच्याकडे. संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या, पांढरे कोट, निदान एखादं विद्यापीठ तरी. आमच्याकडे फळा होता, रंग उडालेलं एक टेबल होतं आणि पावसाळ्यात उजव्या कोपऱ्यात गळणारं कौलारू छप्पर होतं. तेवढ्यावर मी संशोधन केलं, भंडाऱ्याच्या सभेत ते वाचलं, आणि त्यानंतर पुन्हा कधी केलं नाही. नोकरी मात्र पुढे पुष्कळ वर्षं केली.

शिक्षकी पेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या खात्यात याला कृतिसंशोधन म्हणत. शिक्षकाला स्वतःच्या वर्गात एखादी अडचण दिसते. मुलं हिशेबात एकाच जागी चुकतात, किंवा सोमवारी निम्मी गैरहजर असतात, असं काहीही. त्यावर तो एक उपाय योजतो. उपायाआधी मुलं कशी होती आणि नंतर कशी झाली, हे टिपून ठेवतो आणि इतर शिक्षकांपुढे मांडतो. यात गूढ काही नाही. चांगली बाई हे एरवीही करतच असते, फक्त टिपून ठेवत नाही.

अडचण टिपण्यापासून सुरू होते. डॉक्टरकडे माणूस आपल्या पायाने जातो, नको वाटलं तर उठून येतो. वर्गातलं मूल आयतं आमच्या हाती सापडलेलं असतं. उभं राहा म्हटलं की उभं राहतं, सांग म्हटलं की सांगतं. त्याला बाईला 'नाही' म्हणायची सवय नसते, आणि बाईलाही 'नाही' ऐकायची नसते. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाली नव्हती. ती मला एका गावाने शिकवली.

गाव साकोली तालुक्यातलं. एकोडीच्या बाजूचं म्हटलं तरी पुरे; नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत. मी साकोलीला खोली घेऊन राहत असे. बसने अर्ध्या वाटेपर्यंत आणि पुढे एका ओळखीच्या घरी ठेवलेल्या सायकलीने शाळेत जात असे. सायकलवरची बाई बघायला सुरुवातीला बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहत. महिनाभरात त्यांचं कुतूहल संपलं आणि त्या धानाच्या रोवण्यातून मान वर न करताच "आली का वं बाई?" असं विचारू लागल्या.

मी भंडाऱ्याच्या शहरातली. घरी पुस्तकासारखं बोलणारी. चौथा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मुलं माझ्यापुढे मुकी होतात. 'तलावाचे उपयोग सांगा' असा साधा प्रश्न. गावाला लागूनच केवढा तरी मोठा तलाव, निम्म्या गावाची शेती त्याच्यावर आणि उरलेल्या गावाची मासोळी. पण वर्गात कोणी तोंड उघडेना. दोन-तीन हुशार मुलं धड्यातली वाक्यं म्हणून दाखवत आणि खाली बसत.

एक दिवस मी मुलांना घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेले. तिथे सगुणा नावाची एक ढिवराची, म्हणजे मासेमाराची, मुलगी माझ्या बाजूने चालत होती. वर्गात तिने तोवर एक अक्षर काढलं नव्हतं. पाण्यातले शिंगाड्याचे वेल दिसले आणि ती बोलायला लागली. पाळ संपेपर्यंत बोलत होती. बाप काय करतो, वेल कधी लावतात, कोणती मासोळी कुठे बसते, सगळं तिच्या बोलीत. मी पाहत राहिले. या मुलीला मी तिमाहीत नापास करणार होते.

तिथून माझी कल्पना निघाली. मुलांनी वर्गात आपल्या घरच्या बोलीत उत्तर द्यायचं. आधी समजून बोलू द्यायचं, पुस्तकी भाषा मागाहून जोडायची. आज हे कोणालाही सुचेल. त्या काळी वर्गात 'मले' म्हटलं की मुलाला उभं करून 'मला' असं दहादा म्हणवून घेत असत, आणि आपण त्याचं भलं करतो आहोत अशी गुरुजींची प्रामाणिक समजूत असे.

भंडाऱ्याच्या अध्यापक विद्यालयात मोहरील सर म्हणून प्राध्यापक होते. मी तिथलीच विद्यार्थिनी. मोठे उमदे गृहस्थ, खेड्यातल्या शिक्षकांना पुस्तकं पोस्टाने पाठवणारे. त्यांना मी कल्पना सांगितली. त्यांनी ती उचलून धरली आणि पद्धत समजावली. वर्गाचे दोन गट पाडायचे. अ गटातल्या मुलांनी आपल्या बोलीत उत्तरं द्यायची, ब गटाला नेहमीसारखंच शिकवायचं. दिवाळीपर्यंत असं चालवून दोन्ही गटांची परीक्षा घ्यायची. फरक दिसला तर तो बोलीचा.

"नाही तर सिद्ध काय होणार?" सर म्हणाले. मला ते पटलं.

मी फळ्यावर दोन याद्या लिहिल्या आणि मुलांना सांगितलं, "आपण वर्गात एक प्रयोग करणार आहोत." मुलं खूष झाली. ब गटातली काही हिरमुसली, कारण अ गटाला काहीतरी जास्तीचं मिळणार असं त्यांना वाटलं. त्यांचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत चौथ्या वर्गातली मोजकीच पोरं उरली आणि तिसऱ्या वर्गातलीही गळायला लागली.

आमचे मुख्याध्यापक लांजेवार गुरुजी त्याच पट्ट्यातले. ते गावात चक्कर मारून आले आणि कपाळावरचा घाम पुसत माझ्यासमोर बसले.

"बाई, तुम्ही फळ्यावर यादी लिहिली होती?"

"हो. गटांची."

"अन् प्रयोग म्हणाल्या?"

"म्हणाले."

"झालं तर मग. गावात बोलून राहिले का शाळेची यादी भंडाऱ्याला गेली. अ यादीतल्या पोरांना सुई टोचणार, ब यादीतल्यांना दिवाळीनंतर."

आणीबाणीतल्या नसबंदीचे दिवस नुकतेच सरले होते. आमच्याच पेशातले लोक त्या वेळी घरोघर माणसं हुडकत फिरले होते, कारण त्यांना तसा हुकूम होता. यादी, मास्तर आणि सुई हे तीन शब्द एकत्र आले की गावाला काय आठवायचं ते आठवत होतं. मी त्या वेळी दुसरीकडे होते, पण गावाला त्याच्याशी काय? मीही मास्तरच होते.

गुरुजींचा सल्ला व्यवहारी होता. "प्रयोग शब्द सोडा. दवंडी देऊ का काही नाही, साधा अभ्यास आहे. आठ दिवसांत पोरं येतील. तुमचं काम तुम्ही आतल्या आत चालू ठेवा."

मी आधी घरोघर गेले. शालिक नावाच्या माझ्या विद्यार्थ्याची आई पारबताबाई अंगणात धान सुपात घेऊन पाखडत बसली होती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि सूप चालू ठेवून माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. सुई नाही, औषध नाही, फक्त मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यायचं आहे, आणि ते मी लिहून ठेवणार आहे.

"मंग आमाले आधी इचारलं काहून नाई?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मोहरील सरांनी दिलेल्या पुस्तकात गट कसे पाडावेत यावर एक आख्खं प्रकरण होतं. आईबापांना विचारावं, असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गावात कोणी कामावर जात नाही. पोरं लाकडी बैल सजवत असतात आणि माणसं घरी असतात. त्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत मी आईबापांना बोलावलं. सरपंच येणार म्हणाले होते, ते आले नाहीत. ते बरंच झालं, कारण ते असते तर बाया बोलल्या नसत्या.

मी सगळं पुन्हा सांगितलं. दोन गटांचं सांगताना मी धानाचा दाखला दिला. नवं बी बघायचं तर एका बांधीत नवं लावतो, एका बांधीत जुनं. तसंच हे. मला वाटलं, शेतकऱ्यांना हे चटकन पटेल.

पारबताबाई म्हणाली, "माहा शालिक कोन्त्या बांधीत हाये?"

"ब गटात."

"म्हंजे जुन्या. अन् तुमालेच वाटते का नव्यात चांगलं पिकते. मंग त्याले जुन्यात काहून ठेवता? तो नापास झाला तं तुमी जिम्मा घेसान का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "नव्यातल्यानं दगा देल्ला तं?" त्यावर हशा झाला आणि वातावरण जरा सैल झालं.

मी तिथल्या तिथे ठरवलं आणि सांगून टाकलं की गट मोडले. सगळी मुलं आपल्या बोलीत बोलतील. जो कोणी मागे पडतोय असं वाटेल त्याला मी शाळा सुटल्यावर बसवीन. फरक बघायचा तर मुलं आधी कशी होती त्यावरून बघेन. मोहरील सरांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, पण सर त्या पडवीत नव्हते.

मग बोलणं पुढे गेलं. कोणाचं नाव लिहायचं नाही, हे त्यांनी मागितलं आणि मी कबूल केलं. हे कुठे वाचणार, असं एकाने विचारलं. भंडाऱ्याला, मास्तरांच्या सभेत, असं मी सांगितलं.

"तं मंग वाचून आल्यावर आमाले येऊन सांगजा," पारबताबाई म्हणाली. "काय वाचलं, कोन काय म्हनलं. आमचीच पोट्टी हायेत."

तेही कबूल केलं. आणि शेवटी मी विचारलं, "ज्यांना नको असेल त्यांनी सांगा. त्यांच्या मुलाचं मी काही लिहिणार नाही."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मास्तर असं विचारतो तेव्हा ते विचारण्यापुरतंच असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तेवढ्यात खांबाला टेकून उभा असलेला एक उंच, काळासावळा माणूस म्हणाला, "माह्या पोरीचं नोको."

तो वारलूभाऊ. सगुणाचा बाप.

माझा चेहरा पडला असणार. ज्या मुलीवरून ही सगळी कल्पना सुचली, जिचं बोलणं माझ्या संशोधनाचा कणा होतं, नेमकी तीच. "ठीक आहे," एवढं मी म्हटलं.

पुढे काही दिवसांनी तलावाच्या पाळीवर तो भेटला. डोंगा काठाला लावून जाळं वाळत घालत होता. मी सायकल थांबवली. मन वळवायला नाही, पण कारण जाणून घ्यायची इच्छा होती, आणि त्या दोन गोष्टी तितक्या वेगळ्या नसतात हे मलाही कळत होतं.

"वारलूभाऊ, राग आला का माझा?"

"राग कायचा बाई. पोरगी साळेत येऊन राहिली ना. येईन."

मग जाळं झटकत त्याने सांगितलं. काही वर्षांपूर्वी तलावाच्या मासोळीवरून भांडण झालं होतं आणि एका कचेरीत त्याचं बयान घेतलं होतं. त्याने घडलं तसं सांगितलं, आणि लिहिणाऱ्याने तो बोलला तसंच्या तसं उतरवलं. मग साहेबासमोर ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाचणारा मुद्दाम हेल काढून वाचत होता. आख्खी खोली हसली.

"मी खरं सांगतलं होतं बाई," तो म्हणाला. "खरं होतं का खोटं, कोनी पायलंच नाई. बोलनंच आयकलं अन् हासले. माही पोरगी बोलन तं बोलन. पन तिचं बोलनं कागदावर गेलं का ते तिच्या हातात राह्यत नाई."

मी पुन्हा विचारलं नाही.

मुलं शाळेत परतली होती, आणि वर्ग बदलला. भाद्रपदात जी पोरं हूं की चूं करत नव्हती ती आश्विनात मला गप्प बसवायला लागली. शालिकचं एक उत्तर मला अजून पाठ आहे. शेताला पाणी कसं मिळतं, असं मी विचारलं होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "तर्‍याचं पानी मोरीतून पाटात येते, पाटातून बांधीत. आधी वरच्याच्या बांधीत, मंग आमच्या. वरच्यानं तोंड बांधलं तं आमचे पऱ्हे वारते." तिकडे 'ळ'चा 'र' होतो: तर्‍याचं म्हणजे तळ्याचं, वारते म्हणजे वाळतात; मोरी म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, आणि पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. तीन-चार वाक्यांत त्या मुलाने भूगोल सांगितला आणि गावचं राजकारणही. मग आम्ही तेच पुस्तकी भाषेत फळ्यावर लिहिलं, आणि त्याने ते न अडखळता वाचलं, कारण ते त्याचंच होतं.

सगुणा मात्र गप्प होती. मी तिचं काही लिहीत नव्हते, पण मी लिहिते हे ती बघत होती. एकदा तिचा हात अर्धा वर आला. माझ्या हातात पेन होतं. तिने पेनाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन तिने एवढंच विचारलं, "बाई, तुमी समद्याईचं लिवता का?" मी म्हटलं, तुझं नाही लिहीत. तिने मान हलवली, पण त्यावर विसंबावं असं काही मी तिला दिलं नव्हतं. बापाने मला नाही म्हटलं होतं. तिने ते स्वतःपुरतं पूर्ण पाळलं. वर्ग बोलका झाला त्या महिन्यांत एक मूल जास्तच मुकं झालं, आणि ते बोलीमुळे नाही, माझ्या पेनामुळे. या पेशातल्या ज्या थोड्या गोष्टींची मला हळहळ वाटते त्यांत तिचे ते महिने आहेत.

दिवाळीनंतर मोहरील सर वर्ग पाहायला आले. दिवसभर बसले, मुलांवर बेहद्द खूष झाले. संध्याकाळी बसची वाट पाहताना त्यांनी माझी टिपणं वाचली.

"ती तलावाच्या पाळीवरची मुलगी यात कुठे आहे?"

मी सांगितलं.

"पण ती बोलली ते बापाने नाही म्हणण्याआधी. तुम्ही ऐकलेलं आहे. नाव नका घालू. 'एक विद्यार्थिनी' म्हणा. कोणाला कळणार?"

"शिंगाडा लावणाऱ्या ढिवराची चौथ्या वर्गातली मुलगी म्हटलं की गावात सगळ्यांना कळेल, सर. तशी एकच आहे."

"गावातलं कोण वाचणार आहे?"

"मी वाचून दाखवणार आहे. तसं कबूल केलंय."

सरांनी टिपणं मिटली. "गट मोडले, मुख्य मुलगी गेली," ते म्हणाले. "बाई, तुम्ही चांगल्या शिक्षिका आहात. संशोधन मात्र लंगडं झालं." ते रागावले नव्हते, आणि त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं.

सभा भंडाऱ्याला एका शाळेच्या सभागृहात झाली. जिल्ह्यातले शिक्षक, काही अधिकारी. माझा क्रम जेवणाआधीचा होता. मी अडचण मांडली, उपाय मांडला, लोक शांतपणे ऐकत होते. मग मुलांची उत्तरं वाचायला सुरुवात केली. शालिकचं पहिलं वाक्य झालं आणि कुठेतरी खसखस पिकली. 'पऱ्हे वारते'पर्यंत आले तेव्हा आख्खं सभागृह हसत होतं.

मी वर पाहिलं. हसणाऱ्यांत अर्धेअधिक त्याच पट्ट्यातले होते. घरी आईशी असंच बोलणारे. त्यांच्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण मला ती कचेरीची खोली दिसली, जी मी कधी पाहिली नव्हती. पुढची सगळी उत्तरं मी गाळली. पानं उलटली, निष्कर्ष वाचला आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं, वेळ संपला म्हणून आवरतं घेतलं.

चहाच्या वेळी मोहरील सर जवळ आले. "हसणं कौतुकाचं होतं हो."

"असेल सर. पण मी मुलांना सांगू काय?"

त्यांनी कप खाली ठेवला.

काही दिवसांनी निरोप आला की निबंध पुस्तिकेत छापायचा विचार आहे, मात्र मुलांची वाक्यं शुद्ध करून द्यावीत. लांजेवार गुरुजी खूष झाले. शाळेचं नाव होणार होतं. सभेतलं हसणं गावात सांगू नका, असं त्यांनी मला बजावलं. "कोण जातं भंडाऱ्याला विचारायला? उगाच पोरांची मनं मोडतील."

मुलांची मनं मोडतील हे मलाही वाटत होतं. पण पारबताबाईने पडवीत मागितलं होतं ते चांगलं तेवढंच सांगा, असं नव्हतं. कोण काय म्हणालं ते येऊन सांगा, असं होतं. धान कापून घरात आलं होतं. मी एका रविवारी पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं. वाचलं. हसले. म्हणून पुढचं वाचलं नाही.

"कायच्यावर हासले?" पारबताबाईने विचारलं.

मी शालिकचं उत्तर वाचलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शालिकची आई सगळ्यांत जास्त हसली, कारण वरच्याने पाट बांधल्याचं भांडण तिच्या घरचं होतं आणि ते पोराने बाईंपुढे उघडं केलं होतं.

"तेबी असेच हासले का?"

"नाही. असे नाही."

"पन त्याईले आपली बोली येत असन ना?"

"येते. घरी तेही अशीच बोलतात."

"मंग काहून हासले?"

"मला नाही सांगता येत, पारबताबाई."

मग मी छापण्याचं विचारलं. वाचायची परवानगी मी घेतली होती, छापायची नव्हे. बरीच चर्चा झाली. पोराचं नाव नसेल तर छापा, असं काही म्हणाले. बदलून छापलं तर ते आपल्या पोराचं कसं राहील, असं पारबताबाईचं म्हणणं पडलं. शेवटी ठरलं की छापायचं तर मुलं बोलली तसंच. मी तसं कळवलं. पुस्तिका निघाली, तिच्यात माझा निबंध नव्हता. मोहरील सरांनी मात्र मला एक पत्र लिहिलं, आणि पुढच्या वर्षीपासून ते आपल्या विद्यार्थ्यांना गट पाडायला शिकवताना आधी आईबापांना विचारायला सांगू लागले, असं मला त्यांच्याच एका विद्यार्थ्याकडून कळलं.

त्या रविवारी वारलूभाऊ पायरीवर बसला होता. सभा संपायच्या आधीच उठून गेला.

दोन दिवसांनी मी वर्गात गणित शिकवत असताना तो दाराशी आला. खांद्यावर टॉवेल, हातात उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली. टोपली उंबऱ्याच्या आत ठेवली आणि स्वतः बाहेरच थांबला. लेकीकडे पाहून म्हणाला, "सगुने, बोलत जाय. बाई लिवत नाई. हासले तेबी बाईनं येऊन सांगतलं." आणि गेला.

सगुणा त्या दिवशी बोलली नाही. मुलांनी शिंगाडे खाल्ले आणि टरफलांनी वर्ग भरून टाकला. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पेन घरीच ठेवायला लागले. संशोधन संपलंच होतं, पण पेन ठेवल्यावर मुलं जवळ सरकून बसतात असं मला दिसलं.

मग एकदा 'माझे घर' असा विषय निघाला. दोघा-तिघांनी सांगितलं. आणि कोणी न विचारता सगुणा उठली. माझ्या रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं आणि बोलायला लागली. कोणी हसलं नाही. शालिक तोंड उघडं ठेवून ऐकत होता. लांजेवार गुरुजी दारातून जात होते, तेही थबकले. ती बोलून खाली बसली तेव्हा मला तास कोणता चालू आहे हे आठवेना. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वर्गात मी त्याहून चांगलं उत्तर ऐकलेलं नाही.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी तिला भेटून आले. तिची मुलं आता शाळेत जातात, आणि ती गावाच्या मासेमारी सोसायटीच्या सभेत बोलते, असं ऐकून होते. वारलूभाऊ आता नाही. तिने चहा केला. मी सांगितलं, त्या वर्षाबद्दल लिहायचं आहे. तुझ्याबद्दल, तुझ्या बाबांबद्दल. तुझी हरकत नसेल तर. आणि त्या दिवशी तू वर्गात बोललीस ते मला शब्दनशब्द आठवतं. तेही लिहू का?

"बाकीचं लिवा बाई," ती म्हणाली. "ते राहू द्या."